कार्ल्टन टॅव्हर्न आणि शेजाऱ्यांचा हक्क

महाराष्ट्रात दारूच्या दुकानाबाबत शेजाऱ्यांना कायद्याने मोठा असा एकच हक्क दिलेला आहे, तो म्हणजे ते दुकान बंद पाडण्याचा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की प्रशासनाला गुप्त मतदान घ्यावे लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर त्या दुकानाचा परवाना जातो. इंग्लंडमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेजाऱ्यांच्या पदरात नेमका उलट हक्क पडत गेला आहे. आपल्या गल्लीतला पब मालकाने विकायला, पाडायला किंवा त्याचे फ्लॅट करायला काढला, तर त्याच्या आड येण्याचा हा हक्क आहे. एकीकडे बाटली आडवी करणाऱ्या बाया आणि दुसरीकडे पब वाचवण्यासाठी सह्या गोळा करणारे लंडनकर, यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सकृद्दर्शनी वाटत नाही. मला मात्र हा हक्क मुळात एकच आहे असे वाटते आणि आपल्याकडे तो अर्धाच पोहोचला आहे, असे या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी आधी एका पबची हकिकत सविस्तर सांगितली पाहिजे.

लंडनच्या मेडा व्हेल भागात कार्ल्टन व्हेल नावाच्या रस्त्यावर ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ हा पब होता. पर्यटकांनी वाट वाकडी करून जावे असे तिथे काही नव्हते. त्या जागेवरचा जुना पब पहिल्या महायुद्धात जर्मन हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाला, म्हणून चॅरिंग्टन या बिअर बनवणाऱ्या कंपनीने १९२०-२१ मध्ये फ्रँक पॉटर या वास्तुविशारदाकडून नवा बांधून घेतला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आजूबाजूची घरे पडली, हा पब उरला. पुढे भोवताली सरकारी घरांच्या वसाहती उठल्या आणि त्यांतल्या बिऱ्हाडांचा तो नेहमीचा पब झाला. लाल विटा, दर्शनी भागावर झिलईच्या टाइल्समध्ये कंपनीचे नाव आणि आत १९२० च्या दशकातली जवळजवळ न बदललेली मांडणी, एवढेच त्याचे वैभव. जमिनीचा भाव मात्र वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे मध्य लंडनच्या महागड्या भागाचा होता. मालक कंपनीने पब पाडून तिथे दहा सदनिका बांधण्याचा प्रस्ताव दिला आणि वेस्टमिन्स्टरच्या परिषदेने, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, जानेवारी २०१५ मध्ये तो फेटाळला.

एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना निरोप आला, की मालमत्तेची मोजदाद करायची असल्यामुळे आज पब बंद ठेवा. दोन दिवसांनी, ८ एप्रिलला, यंत्रे आली आणि त्यांनी कोणतीही परवानगी नसताना इमारत जमीनदोस्त केली. पबचे सामान, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे भिंतीवरचे फोटो, सगळे त्या ढिगाऱ्यात गेले. वारसा इमारतींच्या राष्ट्रीय यादीत या पबचे नाव जाण्याच्या बेतात होते. एकदा ते यादीत गेले असते तर परवानगीशिवाय इमारतीला हात लावणे हा फौजदारी गुन्हा झाला असता, त्यामुळे घाई कशाची होती हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा प्रकरणांत पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. दंड होतो, दंडाची रक्कम प्रकल्पखर्चात धरली जाते आणि इमारत उभी राहते. इथे तसे झाले नाही आणि त्याचे कारण शेजाऱ्यांनी आधीच करून ठेवलेले काम हे होते. मालकाच्या हेतूंचा संशय आल्यामुळे काही रहिवाशांनी पाडकामापूर्वीच वारसा संस्थेकडे धाव घेतली होती आणि त्यांच्या अर्जामुळे इमारतीची तपशीलवार पाहणी झाली होती. फोटो काढले गेले, नोंदी झाल्या, टाइल्स आणि नक्षीकाम यांचे साचे घेतले गेले. पब पडल्यावर परिषदेने ‘होता तसाच बांधून द्या’ असा आदेश काढला, मालकाने अपील केले, जाहीर चौकशी झाली आणि जुलै २०१६ मध्ये आदेश कायम राहिला. ‘होता तसा म्हणजे कसा?’ हा प्रश्न मालकाच्या वकिलांना फार काळ लावून धरता आला नाही, कारण तो कसा होता ते कागदावर होते. हजारो लोकांनी पुनर्बांधणीच्या मागणीला पाठिंबा दिला. पब नव्याने बांधला गेला आणि कोविडची टाळेबंदी शिथिल होत असताना, एप्रिल २०२१ मध्ये, त्याचे दार पुन्हा उघडले.

वारसातज्ज्ञांपैकी काहींना असली पुनर्बांधणी रुचत नाही. २०२१ सालची इमारत १९२१ ची कशी म्हणायची, ही नक्कलच नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप असतो. इमारत एवढेच जपायचे असते तर तो आक्षेप मी मान्य केला असता. कार्ल्टन टॅव्हर्नच्या बाबतीत विटांच्या वयापेक्षा वेगळी गोष्ट पणाला लागली होती. शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याआधीच जागा सपाट करून टाकली की त्या म्हणण्याला अर्थ उरत नाही, हा हिशेब त्या आदेशाने खोटा पाडला. पुढे तो आदेश अनेकांना उपयोगी पडला. इंग्लंडच्या मध्य भागात हिम्ली या गावाजवळ खाणींमुळे जमीन खचून एका बाजूला कललेला ‘क्रूकेड हाउस’ नावाचा पब होता. तो विकला गेला, त्यानंतर लगेच ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला आग लागली आणि दोन दिवसांत तो पाडण्यात आला, तेव्हा तिथल्या परिषदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुनर्बांधणीचा आदेश काढला. वाकडा पब पुन्हा वाकडाच बांधायचा ही कल्पना ऐकायला गमतीची आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण गंभीर आहे.

पबची जागा एवढी मोलाची का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. १५५२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बिअर विकायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागू लागला आणि हे काम तब्बल साडेचार शतके, २००५ पर्यंत, त्यांच्याकडेच राहिले. आता ते स्थानिक परिषदांकडे आहे. १८३० च्या कायद्याने वर्षाला दोन गिनी भरणाऱ्या कोणाही घरमालकाला आपल्या राहत्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली आणि गल्लोगल्ली बिअरघरे निघाली. पुढे मोठ्या कंपन्यांनी आपल्या मालाचा खप पक्का करण्यासाठी पबच विकत घ्यायला सुरुवात केली. ही मक्तेदारी मोडण्यासाठी सरकारने १९८९ मध्ये कंपन्यांच्या मालकीच्या पबांवर मर्यादा घातली, तेव्हा त्यांनी हजारो पब विकून टाकले आणि ते ज्यांनी घेतले त्यांना बिअरपेक्षा जमिनीत अधिक रस होता. हेतू चांगला असलेल्या सुधारणेचे असे फळ निघावे, हे काही इंग्लंडपुरते खास नाही. त्यात सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, वाढते कर आणि २००७ ची धूम्रपानबंदी यांची भर पडली. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, ते २०२३ पर्यंत ४५ हजारांच्या आसपास आले.

या घसरणीला उत्तर म्हणून आलेल्या तरतुदींपैकी सर्वांत साधी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यानुसार त्या भागातले केवळ २१ मतदार एकत्र येऊन एखादी जागा ‘लोकोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवावी, असा अर्ज करू शकतात. नोंद झाली की मालकाला ती जागा विकण्यापूर्वी कळवावे लागते आणि शेजाऱ्यांना पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. मालकाने त्यांनाच विकले पाहिजे अशी सक्ती नाही, त्यामुळे ही तरतूद मालकी हक्कावर घाला आहे असे म्हणता येत नाही. दक्षिण लंडनमधल्या नन्हेड भागातला ‘आयव्ही हाउस’ हा अशी नोंद झालेला देशातला पहिला पब. ३७१ भागधारकांच्या सहकारी संस्थेने तो २०१३ मध्ये ८ लाख १० हजार पौंडांना विकत घेतला. सहकाराच्या नावाने बोटे मोडणाऱ्या मराठी वाचकाने हा आकडा जरा सावकाश वाचावा. त्यापुढचे पाऊल २०१७ चे. तेव्हापासून इंग्लंडमध्ये कोणताही पब पाडायला किंवा त्याचे दुकान, फ्लॅट करायला रीतसर नियोजन परवानगी लागते, म्हणजे शेजाऱ्यांना हरकत घेण्याची संधी मिळते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘गल्लीचा पब’ म्हणताना गल्लीत कोणाकोणाला धरले जाते? इंग्रजी पबचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक शेकोटी, गप्पा, भिंतीवरचे डार्ट्स आणि रविवारचे जेवण यांवर थांबतात. त्याच इतिहासात अनेक खोल्यांच्या दारांवर अदृश्य पाट्या होत्या. एकाच पबमध्ये कामगारांसाठी साधी ‘पब्लिक बार’ आणि बऱ्या कपड्यांतल्यांसाठी गालिचाची ‘सलून बार’ असे आणि तीच बिअर सलूनमध्ये थोडी महाग मिळे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल विनो’ या पत्रकारांच्या अड्ड्यावर स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून मागवता येत नसे. ते बेकायदा ठरायला नोव्हेंबर १९८२ मधल्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली.

या बाबतीत बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक या गावाची गोष्ट तर आपल्या जवळची आहे. तिथल्या ओतशाळांमध्ये काम करायला पंजाबातून माणसे आली होती. ती लोखंड ओतायला चालत होती, पण पाळी संपल्यावर शेजारच्या पबमध्ये बसायला चालत नव्हती. कुठे सरळ नकार मिळे, कुठे फक्त एका खोलीत बसू देत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे नेते अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी यांनी यावर शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. विद्यापीठातले गोरे विद्यार्थी आधी आत जात आणि त्यांना बिअर मिळे. मग भारतीय कामगार जात आणि त्यांना नकार मिळे. असे साक्षीदारांसह पुरावे जमवून ते पबच्या परवान्याच्या नूतनीकरणाला न्यायाधीशांपुढे हरकत घेत. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जौहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ नावाच्या पबमध्ये घेऊन गेले आणि तिथेही एका खोलीत नकार मिळून त्यांना दुसऱ्या खोलीत जावे लागले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला आणि सार्वजनिक जागांत, पबमध्येसुद्धा, रंगावरून भेद करणे बेकायदा ठरले.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. गोऱ्या कामगारवस्त्या विरळ झाल्या, कारखाने बंद पडले आणि या भागातले कितीतरी पब मोडकळीला आले, तेव्हा ते चालवायला पंजाबी कुटुंबे पुढे आली. आज वेस्ट ब्रॉमविच, स्मेदिक आणि आसपास ‘देसी पब’ म्हणून जे ओळखले जातात, तिथे तंदूरमधून निघालेली चरचरती मिक्स्ड ग्रिलची लोखंडी थाळी येते आणि एका टेबलावर पंजाबी आजोबा तर शेजारी जन्मभर त्याच गल्लीत राहिलेले गोरे म्हातारे बसलेले असतात. ज्यांना आत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या मुलाबाळांनी तो पब वाचवला. म्हणून त्या आक्षेपाला माझे उत्तर असे की शेजाऱ्यांचा हक्क मान्य करताना ‘शेजारी’ या शब्दात कोण येतो, हेही कायद्यानेच पक्के केले पाहिजे. १९६५ चा कायदा नसता, तर २०११ चा कायदा केवळ जुन्या गिऱ्हाइकांची मिरास जपणारा ठरला असता. हॉटेलात वेगळ्या कपबशांची रीत चालवलेल्या आपल्या समाजाला हे अधिक उकलून सांगायला नको.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे गल्लीच्या पबचा इतिहास नाही, असे म्हटले जाते आणि त्याला कारण आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणे हीच मुळात अपवादाची गोष्ट ठरवली. त्या कायद्याच्या कागदावर आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि त्यातूनच ‘परमिट रूम’ ही खास आपली वास्तू जन्माला आली, जिच्या काचा काळ्या असतात, दाराला पडदा असतो आणि जिथे शिरणारा माणूस आधी मागे वळून पाहतो. अशा जागेचा कोणी अभिमानाने इतिहास लिहीत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून येतो. जागा ठरते ती मालकाच्या आणि त्या खात्याच्या सोयीने. ज्यांच्या दारासमोर ती उघडते, त्यांना बहुधा पाटी लागल्यावरच कळते. त्यांच्या हातात मग आडवी बाटली उरते.

या मतदानाविषयी मला पूर्ण आदर आहे. नवऱ्याच्या मजुरीचा रोजचा हिशेब ज्या बाईला लागत नाही, तिला ‘पब ही लोकजीवनाची संस्था आहे’ असे ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. दारूचे दुकान तिच्या गल्लीत राहावे की नाही, हे ठरवण्याचा तिचा अधिकार लंडनच्या त्या रहिवाशांइतकाच, किंबहुना त्यांच्यापेक्षाही अधिक भक्कम आहे. अडचण आहे ती तरतुदीच्या रचनेत. निम्म्याहून अधिक मते हवीत ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या. म्हणजे जी ऊसतोडीला गेली आहे, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जी वारली पण जिचे नाव यादीतून निघालेले नाही, त्या सर्वजणींचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. आमदार-खासदार निवडताना असला नियम कोणी सुचवून पाहावा.

मोठ्या प्रमाणावरच्या निर्णयांचे तर आणखी वेगळे. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये, समितीचा अहवाल येऊन, मंत्रिमंडळाने ती उठवली. कार्ल्टन टॅव्हर्न पाडला गेला आणि पुन्हा उघडला, ती नेमकी हीच सहा वर्षे, हा निव्वळ योगायोग. चंद्रपूरची बंदी यशस्वी झाली की फसली, यावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि चोरट्या दारूचा प्रश्न खराच होता. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. बंदी आणायचा निर्णय मुंबईत झाला, उठवायचाही मुंबईत झाला. ज्या गावांना आपल्या हद्दीत दुकान नको होते आणि ज्यांना ते चालत होते, त्यांना दुकाने पुन्हा उघडण्यापूर्वी गावनिहाय विचारता आले असते. तसे कोणाला सुचले नाही, कारण दारूचे दुकान हा सरकार आणि परवानाधारक यांच्यातला मामला आहे, हे आपण गृहीतच धरले आहे.

टिकवण्याच्या बाजूनेही हीच उणीव दिसते, आणि तिथे दारूचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियम आहेत आणि त्यांनी पुष्कळ काही वाचवले, पण ते इमारतीच्या रूपापुरते पाहतात. आत काय चालते, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ पन्नास वर्षांनंतर मार्च २०१५ च्या अखेरीस बंद झाले. कलादालन आहे तसेच उभे आहे. काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे खिडकीपाशी बसत. ते हॉटेल या शतकाच्या सुरुवातीला बंद झाले, इमारत तीच राहिली आणि पाट्या बदलत गेल्या. धोबीतलावापासून पुण्याच्या डेक्कनपर्यंत जे इराणी गेले, त्यांच्यापैकी एकाच्याही बाबतीत तिथे रोज बन-मस्का खाणाऱ्यांना, समोरच्या चाळीतल्यांना किंवा विद्यार्थ्यांना बोलण्याची जागा नव्हती. लोक हळहळले, वर्तमानपत्रांनी अर्धे पान दिले आणि विषय मिटला. चालक थकला असेल, मुलांना धंद्यात रस नसेल, तर हॉटेल चालूच ठेवा असे त्याला कोणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण दुसऱ्या कोणाला ते चालवायला घेता येईल का, हे पाहायला सहा महिने मिळणे यात अवाजवी काय आहे?

त्यामुळे मागणी करायचीच तर ती दोन्ही अंगांनी करावी लागेल. परवाना देण्याआधी त्या वॉर्डात जाहीर सुनावणी घ्यावी, म्हणजे दुकान उघडल्यावर ते बंद पाडण्यासाठी बायांना रात्रीचा दिवस करावा लागणार नाही. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांच्या बहुमताने लागावा. आणि चहाचे असो वा बिअरचे, ज्या ठिकाणी परिसरातली माणसे पिढ्यान्पिढ्या बसत आली आहेत, त्याची नोंद करण्याचा अर्ज त्या भागातल्या ठरावीक नागरिकांना करता यावा. नोंद झालेल्या जागेचा वापर बदलताना महापालिकेने नोटीस लावावी, हरकती ऐकाव्यात आणि विक्रीपूर्वी मुदत द्यावी. या नागरिकांत भाडेकरू आणि पागडीवाले धरावेत, नाव मतदारयादीत असो वा नसो तिथे राहणारे परप्रांतीय कामगारही धरावेत. स्मेदिकच्या ओतशाळेतला कामगार जेव्हा परवान्याला हरकत घ्यायला उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे नोंदवून घेतले होते. आपल्याकडे वॉर्ड सभेची तरतूद झाली, पण असला एकही विषय तिच्या पटलावर यायची सोय नाही. निदान दुकानाच्या परवान्याची आणि जागेच्या वापरबदलाची नोटीस तरी आधी तिथे लागावी, एवढी दुरुस्ती करायला नव्या कायद्याचीही गरज पडू नये.